झरोक्यातून दिसलं तेवढं

ताईंना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. नवरा तशी हाक द्यायचा, तो जाऊन नऊ वर्षं झाली. आई नुसतं "अगं" म्हणून भागवायची. बाकी सगळ्यांच्या त्या सांगणाऱ्या ताई. हे नाव संस्थेत पडलं असं लोक धरून चालायचे. खरं तर ते फार आधीचं होतं, ताई सात वर्षांच्या होत्या तेव्हाचं. ते माहीत असलेली माणसं एकेक करून गेली आणि उरल्या त्या दोघी, ताई आणि त्यांची आई.

संस्था म्हणजे ज्यांना दिसत नाही अशांचं वाचनालय. तीन मजली जुनी इमारत. खाली बोलकी पुस्तकं, मधे कार्यालय आणि सगळ्यांत वर लाकडी खुर्च्यांचं सभागृह. लिफ्ट आठवड्यातले चार दिवस चालायची, आणि ते चार दिवस कोणते ते तिचं ती ठरवायची. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता वर सिनेमा असायचा. पडदा होता, पण खरा सिनेमा चालायचा कोपऱ्यातल्या टेबलाशी. तिथं ताई माइक घेऊन बसायच्या. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की ताई बोलायच्या. कोण आत आलं, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाकडे बघतंय. माणसं पुन्हा बोलू लागली की ताई गप्प. एकोणतीस वर्षं हेच काम.

नवरा चेष्टा करायचा, "तू बाजारात गेलीस की सगळा बाजार घेऊन येतेस, भाजी तेवढी तिथंच राहते." पण एका सिनेमामागं दोन आठवडे जायचे ते त्यालाही माहीत होतं. कार्यालयातल्या छोट्या पडद्यावर ताई तो सिनेमा आठ-दहा वेळा बघायच्या. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. दोन संवादांमधली फट मोजायची. चार सेकंदांच्या फटीत वीस-बावीस अक्षरं बसतात. त्याहून जास्त झाली की नायकाच्या बोलण्यावर आपला पाय पडतो. वाक्य लिहायचं, ओठांत म्हणून बघायचं, छाटायचं, पुन्हा म्हणायचं. आता एकसष्टाव्या वर्षी दोन तासांत डोळे चुरचुरायला लागत. मग थेंब घालून मान मागं टाकून बसायचं, आणि तेवढ्यात जमेल तितकं देवाचं नाव घ्यायचं. ताईंची पूजाअर्चा ती तेवढीच.

लिहून झालं की दर मंगळवारी ते सूरवाल्यांपुढं जायचं. सूरवाल्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. आयुष्यभर लोकांचे पियानो सुरात लावून दिले, आणि म्हातारपणी संस्थेचे तपासनीस झाले. त्यांचा कान चुकायचा नाही आणि जीभ थांबायची नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी ताईंना धडा घालून दिला होता. ताई वाचून गेल्या होत्या, "भयाण खोली."

"ताई," सूरवाले म्हणाले होते, "मला खोली काही दिसली नाही. तुम्ही घाबरलेल्या तेवढ्या दिसलात. दिसतं ते सांगा. वाटायचं ते आमचं आम्हाला वाटेल."

ताईंनी ते मनावर कोरून ठेवलं. इतकं, की नवीन वर्णनकार आले की सूरवाले त्यांना म्हणायचे, "एक शब्द पदरचा घालायच्या नाहीत या बाई. सोनाराच्याही वरचा काटा आहे." ताई त्यावर कधी हसायच्या नाहीत. पदरचं घातलं की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

युद्धाचा सिनेमा मात्र त्यांनी एकोणतीस वर्षांत एकदाही सांगितला नव्हता. कधी प्रत खराब निघायची, कधी फटी कमी पडायच्या. असं कारण दरवेळी सापडायचं. या वर्षी सभासदांनी हात वर करून सिनेमा निवडला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "गोड गोड पुरे झालं. आम्हाला दिसत नाही, आम्ही आजारी नाही." झालं. युद्धातला, भुताखेतांचा, काळाकुट्ट सिनेमा ताईंच्या टेबलावर येऊन पडला. नाही म्हणायलाही त्राण लागतं, आणि ताईंपाशी ते उरलं नव्हतं.

गोष्ट एका धोबिणीची होती. वेढा पडलेल्या शहरात ती सैनिकांचे शर्ट धुते. नवरा आघाडीवर गेलाय, त्याची खबर नाही. तिच्या उकळत्या हंड्यामागं एक दार आहे. त्यापलीकडे नदी, आणि नदीकाठी मेलेले सैनिक उघड्या अंगानं रांगेत उभे. शर्ट अंगात असल्याशिवाय त्यांना पलीकडे जाता येत नाही. तिथं एक पहारेकरी आहे, तो प्रत्येक शर्टाची बटणं मोजून घेतो. धोबीण रोज शर्ट पोचवते आणि रोज रांगेत नवऱ्याचा चेहरा शोधते. त्याचा शर्ट तिनं धुऊन वेगळा ठेवलाय, तारेवर, सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा बघताना ताईंनी तो दोनदा मधेच थांबवला. दुसऱ्यांदा बघताना नेहमीसारखं झालं, भीती ओसरली आणि कारागिरी दिसायला लागली. शहरातलं सगळं कॅमेरा हातात धरून घेतलेलं, धक्के खात. रंग राखाडी, धुण्याच्या शेवटच्या पाण्यासारखा. काही धड दिसायच्या आतच चित्र तोडलेलं. नदीकाठी मात्र कोणीतरी कॅमेरा ठेवून विसरून गेल्यासारखा स्थिर. पिवळा उजेड, मिनिट-मिनिटभर एकच चित्र. त्यामुळं उलटंच व्हायचं, जिवंत माणसांत जीव टांगणीला लागायचा आणि मेलेल्यांत आला की बघणाऱ्याला श्वास मिळायचा. पहारेकरी तर अख्खा कधी दाखवलाच नव्हता. वाफेतून येणारा एक लांब हात, बटणांवरून फिरणारी बोटं. चेहऱ्यावर सतत वाफ. न दाखवता घाबरवण्याची ही हातचलाखी ताईंना ओळखीची होती. पण ज्यांना दिसतच नाही त्यांना "दिसत नाही" हे सांगायचं कसं, यावर त्यांचे दोन दिवस गेले.

विशेषणं तर वापरायची नाहीत. मग ताईंनी वाक्यांनाच कामाला लावलं. शहरात तुटकी वाक्यं. धूर. बादली. धावणारे पाय. आणि नदीकाठी लांब, संथ, एका दमात न संपणारी.

मंगळवारी सूरवाल्यांनी हात वर केला. "थांबा. नदीवर गेलात की तुमची वाक्यं लांबतात. हे कुठल्या नियमात बसतं?"

"पडद्यावर तसंच आहे."

"तसंच आहे?"

"तिथं चित्र हलत नाही."

"मग बसतं," सूरवाले म्हणाले. मग कान टवकारून, "ताई, बरं नाही का तुम्हाला? आवाज ओला येतोय."

"डोळ्यांत औषध घातलंय."

"औषध डोळ्यांत घालतात, गळ्यात नाही," सूरवाले म्हणाले, पण पुढं खोदलं नाही.

संस्थेतली बहुतेक मंडळी वयस्क, दोन तास एका जागी बसवत नाही. म्हणून सिनेमा अर्धा या गुरुवारी आणि अर्धा पुढच्या. पहिल्या अर्ध्याला ताईंची आई नेहमीप्रमाणं पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर होती. शहाऐंशी वर्षांची. काचबिंदूनं चार वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून ती एकही गुरुवार चुकवायची नाही. "लेक घरात तोंड उघडत नाही," ती शेजारच्यांना सांगायची, "म्हणून तिचं बोलणं ऐकायला इथवर येते."

तारेवर सात शर्ट आहेत, शेवटचा नवऱ्याचा, ते ताईंनी सांगितलं. हंडा सांगितला, दार सांगितलं, नदी सांगितली. मग ते दृश्य आलं. सैनिक धोबीखान्यात घुसतात, धोबीण घड्यांच्या टेबलाखाली लपते. कॅमेरा तिच्याबरोबर खाली, जमिनीला टेकलेला. नऊ सेकंदांची फट.

"टेबलाखालून बूट दिसतात. गुडघ्यांपर्यंतच. चेहरे नाहीत, हात नाहीत. बूट थांबतात. वळतात. जातात."

सांगताना ताईंचा आवाज हलला नाही. पण त्यांची नजर पडद्यावरून पहिल्या रांगेकडे गेली. आईनं मान वर केली होती. पडद्याकडे नव्हे, टेबलाकडे, ताईंकडे.

घरी येताना ताईंनी पायऱ्या सांगितल्या, फुटपाथची कड सांगितली, आईनं मान हलवली तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दोघी मटार सोलत बसल्या होत्या. आईची बोटं ताईंपेक्षा झरझर चालायची. शेंग बघावी लागत नव्हती ना तिला.

"काल त्या टेबलाखालून काय दिसत होतं म्हणालीस?"

"बूट."

"नुसते बूट."

"हो. खालून तेवढंच दिसतं."

आईनं एक शेंग उकलली, दाणे भांड्यात पाडले. "आपला झरोका किती उंचीवर होता गं? रस्त्यापासून?"

चोपन्न वर्षं हा प्रश्न येईल म्हणून ताई तयारीत होत्या आणि तो आला तेव्हा हातात मटाराची शेंग होती.

युद्धाच्या शेवटच्या थंडीत इमारतीतली चौदा माणसं अकरा दिवस तळघरात होती. वर रस्त्याच्या पातळीला दोन विटांएवढा एक झरोका. मोठ्यांची डोकी तिथं पोचत नव्हती, पोचली तरी मावत नव्हती. सात वर्षांची ताई मात्र इमारतीतल्या नळवाल्याच्या खांद्यावर बसली की बरोबर मावायची. "ए सांगणारी, बघ गं काय चाललंय," असं सगळे म्हणायचे, आणि ती सांगायची. चाक. कुत्रं. पडलेली चप्पल. लोक तिच्या शब्दांवर जगत होते. अकराव्या दिवशी बाबा म्हणाले, दोन मिनिटांत वरून माझा कोट आणि थोडं पाणी घेऊन येतो. ते गेले आणि पाठोपाठ रस्त्यावर आरडाओरडा झाला. सैनिक माणसं गोळा करून नेत होते. आई खालून विचारत होती, दिसतात का गं? कोट मिळाला का त्यांना?

आणि सांगणारी म्हणाली, हो. कोट घातलाय. चालत चाललेत. त्यांनी इकडे बघून हात हलवला.

बाबा परत आले नाहीत. पण त्या हात हलवण्यावर आईनं आयुष्य काढलं. शेजारणींजवळ रडगाणं कधी गायली नाही. "माझे यजमान निरोप घेऊन गेले," असं म्हणायची. "कितीकींना तेवढंही मिळालं नाही." रोज डोळे मिटून देवाचे आभार मानायची त्यातही तो कोट असायचा, तो हात असायचा. ताई शेजारी बसून हात जोडायच्या आणि देवाला काय सांगावं ते त्यांना सुचायचं नाही.

"अगं, मी विचारतेय."

"रस्त्याला टेकलेला होता," ताई म्हणाल्या.

"म्हणजे गुडघ्यांपर्यंत."

"हो."

"कोट दिसला नसणार."

"नाही."

"हात."

"नाही, आई."

आईची बोटं थांबली. बाहेर कोणीतरी जिन्यावरून डबे नेत होतं, ते डबे एकमेकांवर आपटत खालपर्यंत गेले.

"मग दिसलं काय तुला? आता नीट सांग. त्या सूरवाल्यापुढं सांगतेस तसं."

ताईंना वाटलं, काही दिसलं नाही म्हणावं, धूर होता म्हणावं. धूर म्हटलं असतं तर आईनं मानलंही असतं. पण एकोणतीस वर्षांची सवय अंगात मुरली होती, आणि थकवाही होता. खोटं सांभाळायला लागतो तो जोर संपला होता. त्या बोलल्या तेव्हा आवाज गुरुवारचाच होता.

"बरेच बूट. त्यात एक तपकिरी जोड. डाव्या बुटाला नाडीच्या जागी सुतळी."

"मीच बांधली होती," आई म्हणाली.

"दोन्ही बाजूंना काळे बूट. काळे चालताहेत. तपकिरी चालत नाहीत. त्यांची टोकं जमिनीवर घासताहेत." ताईंनी श्वास घेतला. "मग कोपरा. मग दिसत नाहीत."

आईनं मान हलवली. रडली नाही. भांड्यातले दाणे चाचपत म्हणाली, "म्हणजे कोटाचं काही ठाऊकच नाही." आणि मग, "थंडी केवढी होती त्या दिवशी." आणि भांडं बाजूला सारून ती भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेली.

त्यानंतरचे दिवस ताईंना वजनासारखे उचलावे लागले. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती चहा घ्यायची, औषध घ्यायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. प्रार्थनेला बसली की ओठ हलायचे नाहीत. आपण आईचा नवरा तिच्याकडून दुसऱ्यांदा नेला, असं ताईंना वाटत राहिलं. कार्यालयात जाऊन त्या सिनेमाचा शेवट पुन्हा पुन्हा बघत बसायच्या. शेवट अवघड होता आणि त्याचं लिहून व्हायचं होतं.

शेवटी धोबीण नवऱ्याचा शर्ट घ्यायला तारेकडे जाते आणि गोळा पडतो. हंडा उलटतो, सगळीकडे वाफ. नंतर एक शब्दही नाही. आठ सेकंद, की सिनेमा संपला. गंमत अशी, की त्या आठ सेकंदांत शहर आहे, रंग राखाडीच आहे, पण कॅमेरा हलत नाही. अख्ख्या सिनेमात पहिल्यांदा नदीकाठचा कॅमेरा शहरात येऊन उभा राहिलाय. हे ताईंना सहाव्या खेपेला कळलं. आणि वाफेच्या आड दिग्दर्शकानं चित्र गुपचूप कापून दुसरं जोडलंय, ते अकराव्या खेपेला. सांधा दिसतच नव्हता. वाफ विरते तेव्हा धोबीण कुठंच नाही. ती मेली म्हणावं तर पडलेलं शरीर नाही. पलीकडे गेली म्हणावं तर दार तुटलेलं. पण तारेवर सहा शर्ट. सात नाहीत, सहा. बघणाऱ्यांतले निम्मे ते न बघताच उठून जात असतील.

एकदा त्यांनी वहीत लिहिलं, "ती नवऱ्याजवळ पोचली." किती सोपं होतं. चार सेकंदांत बसत होतं. आईला बरं वाटलं असतं. ताईंनी ते वाक्य बराच वेळ बघितलं आणि मग खोडलं, दोनदा.

मंगळवारी सूरवाल्यांशी त्या जागी खटका उडाला. ताईंनी लिहिलं होतं, "तारेवर सहा शर्ट. आधी सात होते."

"आधीचं कशाला?" सूरवाले म्हणाले. "सात तुम्ही गेल्या गुरुवारी सांगितलेत."

"आठवड्यापूर्वी. विसरले असतील."

"आम्हाला जिन्याच्या पायऱ्या, खिशातल्या किल्ल्या आणि बोलणाऱ्याचा खोटेपणा सगळं मोजून ठेवावं लागतं. शर्ट विसरू होय? तुमचे सहा द्या. सात आमच्यापाशी आहेत."

ताईंनी खोडलं.

गुरुवारी दुपारी त्या आईच्या दाराशी गेल्या. येशील का, असं विचारायचं होतं, पण आई खुर्चीत बूट घालून तयार बसली होती. "शेवट राहिलाय ना," ती म्हणाली, तेवढंच.

सभागृह भरलेलं होतं. ताईंनी सिनेमा सांगितला. रांग, नदी, वाफेतून येणारा हात, बटणं. आवाज कुठं ओला होऊ दिला नाही. गोळा पडला. हंडा उलटला. मग ते आठ सेकंद आले, आणि ताईंनी वही मिटली. पाठ होतं.

"वाफ विरते. भिंत नाही. दार तुटलेलं. धोबीण दिसत नाही. तारेवर सहा शर्ट."

संगीत सुरू झालं. एरवी या वेळी खुर्च्या सरकायच्या, काठ्या शोधल्या जायच्या. आज कोणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, घरी बोलावं तसा.

"सहाच?"

माइक चालू होता. "सहाच," ताई म्हणाल्या.

"नीट मोजलेस?"

"चौदा वेळा बघितलं. सहाच आहेत."

"स्वतः बघितलंस."

"स्वतः."

आई खुर्चीत मागं टेकली. "मग घातला त्यानं," ती म्हणाली.

"कोणी हो, आजी?" टेलिफोनवाल्या बाईंनी विचारलं.

"ज्याचा होता त्यानं. उघडा नाही गेला." मग तिनं डोळे मिटले, आणि आठवडाभरात पहिल्यांदा ताईंना तिचे ओठ हलताना दिसले. ती काय म्हणत होती ते कळत नव्हतं. ताईंनी अंदाज केला नाही. मागल्या रांगेतून सूरवाल्यांचं खोकणं ऐकू आलं, लांबलेलं, उगाचचं.

लिफ्ट बंद होती. सगळे गेल्यावर ताईंनी दिवे मालवले, वही पिशवीत टाकली आणि जिन्याशी आईला धरायला दंड पुढं केला. आईनं तो धरला. नेहमीपेक्षा घट्ट की सैल, ते ताईंना ठरवता येईना. खांदा इतका दुखत होता.

"पायऱ्या सांग," आई म्हणाली. "असतील तेवढ्याच. पदरच्या घालू नकोस."

"अठरा," ताई म्हणाल्या. "मग वळण. मग अठरा."

दोघी उतरायला लागल्या.